विषविज्ञान : एका उपेक्षित व्यवसायाची उभारणी

कीटकनाशके, औषधे, रंग, खते यांवाचून आजची शेती आणि उद्योग चालू शकत नाहीत. ही द्रव्ये माणसाच्या शरीरात गेल्यास काय करतात, किती मात्रेपर्यंत निर्धोक असतात आणि त्यांवर उतारा कोणता, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे विषविज्ञान. मात्रेवरच विषाचे विषपण अवलंबून असते, हे सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सांगितलेले सूत्र या शास्त्राचा पाया आहे. आपल्याकडेही आयुर्वेदाच्या आठ अंगांत अगदतंत्राला स्वतंत्र स्थान होते. परंतु विकसनशील देशांत या विद्येचा स्वतंत्र व्यवसाय म्हणून विकास व्हावा तितका झालेला नाही.

दुर्घटनांचा धडा

१९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नधान्यात मिसळले जाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या आघातातून देशात १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळवर मिथिल आयसोसायनेट वायूचा लोट आला, तेव्हा रुग्णांच्या शरीरात नेमके कोणते विष गेले आहे आणि सोडिअम थायोसल्फेट द्यावे की नाही, यावर तज्ज्ञांतच वाद झाला. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले.

अशा वेळी रुग्णालयातील डॉक्टरांसमोर पहिला प्रश्न असतो तो विष ओळखण्याचा. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील औषध असेल तर ते मज्जासंस्थेतील कोलिनेस्टरेज या विकराचे कार्य रोखते. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, श्वास कोंडतो. त्यावर अ‍ॅट्रोपिन हा उतारा आहे. मात्र दोन-तीन औषधे एकत्र मिसळून फवारलेली असली, तर लक्षणांची गुंतागुंत होते. काही द्रव्यांवर तर निश्चित उताराच नाही. रुग्णासोबत औषधाचा रिकामा डबा आणणे आणि रक्ताची तपासणी वेळेत होणे, यांवर येथे प्राण अवलंबून असतो.

अभ्यासाचे फळ

उपाय अशक्य आहे असे मात्र नाही. विंचूदंशाने कोकणात अनेक बालके दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या लक्षणांचा बारकाईने अभ्यास करून प्राझोसिन हे औषध वापरले आणि ४० टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आले. श्रीलंकेने विषबाधेच्या नोंदींचा अभ्यास करून १९९५ पासून सर्वांत घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुढील दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी घटले. एक प्रयोग रुग्णशय्येपाशी झाला, दुसरा शासकीय धोरणात. दोहोंच्या मुळाशी काटेकोर नोंद होती.

संस्था आणि मनुष्यबळ

भारतात लखनौ येथे १९६५ मध्ये औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते भारतीय विषविज्ञान अनुसंधान संस्था म्हणून ओळखले जाते. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९५ पासून राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र अहोरात्र सल्ला देते. आपल्या प्रयोगशाळांतील सुरक्षाचाचण्या परदेशांत ग्राह्य धरल्या जाव्यात, यासाठीच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत भारत २०११ मध्ये पूर्णपणे सामील झाला. त्यामुळे प्रशिक्षित विषवैज्ञानिकांना औषध व रसायन उद्योगांत कामाचे क्षेत्रही खुले झाले आहे.

तथापि, संस्था उभारणे हा कार्याचा पूर्वार्ध होय. वैद्यकीय अभ्यासक्रमात विषविज्ञान बहुतांशी न्यायवैद्यकाचा एक भाग म्हणून, म्हणजे मृत्यूचे कारण शोधण्यासाठी शिकविले जाते. जिवंत रुग्णाला वाचविणारे विषविज्ञान शिकविणारे अध्यापक, जिल्हास्तरावरील तपासणीची सोय, विषबाधेची नियमित नोंद आणि पात्रतेची अधिकृत कसोटी, या चार गोष्टींची जोड मिळाल्याशिवाय व्यवसायाला प्रतिष्ठा लाभणार नाही.

पंप पाठीवर घेऊन कपाशीत शिरणाऱ्या मजुराला या शास्त्राचे नावही ठाऊक नसेल. परंतु त्याला संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचविण्याची जबाबदारी या शास्त्रावर आहे, आणि त्यासाठी जाणकार माणसे घडविणे हे समाजाचे व शासनाचे संयुक्त कर्तव्य आहे.