ऐकू कमी येणाऱ्या वृद्ध रुग्णांची शुश्रूषा

वार्धक्यात दृष्टी मंदावली, तर ते इतरांच्या लगेच ध्यानात येते. जाड भिंगाचा चष्मा दिसतो, चाचपडणारा हात दिसतो. श्रवणशक्तीचा ऱ्हास मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे रुग्णालयात दाखल झालेला, ऐकू कमी येणारा वृद्ध पुष्कळदा हट्टी, विसराळू किंवा भ्रमिष्ट समजला जातो. वस्तुतः त्याला काय विचारले, हेच त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसते. हा गैरसमज दूर करणे ही अशा रुग्णाच्या शुश्रूषेची पहिली पायरी होय.

या दोषाची व्याप्ती लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी २५ टक्क्यांहून अधिक व्यक्तींना दैनंदिन व्यवहारात अडथळा आणणारा श्रवणदोष असतो. याचा अर्थ असा की, वृद्धांच्या कक्षात काम करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला असे रुग्ण रोज भेटतात, मग केसपेपरवर तशी नोंद असो वा नसो.

हैदराबादचे उदाहरण

या प्रश्नाचा विचार हैदराबाद शहराच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरेल. नांदेड, लातूर आदी भागांतील कित्येक रुग्ण उपचारासाठी तेथे जातात. शिवाय सुलतान बाजार, काचीगुडा, गौळीगुडा या जुन्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आहेतच. तेथील रुग्णालयात तेलुगू, दखनी, हिंदी व मराठी या भाषा एकाच कक्षात कानी पडतात. परिचारिका केरळातून आलेली असेल, तर तिची मातृभाषा मल्याळम असते. ज्याचे कान शाबूत आहेत तो यातून वाट काढतो. ज्याला निम्मेच ऐकू येते, त्याला आधी शब्द ओळखावा लागतो व मग त्याची भाषा. आजारपणात एवढे श्रम त्याला झेपत नाहीत व तो गप्प बसतो किंवा नुसती मान डोलावतो.

ही मान डोलावणेच धोक्याचे असते. होकार मिळाला म्हणजे रुग्णाला समजले, असे मानून परिचारिका पुढच्या खाटेकडे वळते आणि चूक तेथेच घडते.

दोषाचे स्वरूप

वयोमानानुसार येणाऱ्या बहिरेपणात अंतर्कर्णातील सूक्ष्म रोमपेशी हळूहळू नष्ट होतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. प्रथम उच्च स्वरांचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. स, श, त, फ, ख यांसारखी व्यंजने पुसट होतात. स्वर मात्र बऱ्यापैकी ऐकू येतात. म्हणूनच असे वृद्ध म्हणतात, ‘आवाज येतो, पण बोलणे कळत नाही.’ ही तक्रार अक्षरशः खरी असते.

याचा परिणाम औषधांच्या बाबतीत विशेष जाणवतो. मराठीतील पाच, सात व आठ या तिन्ही शब्दांत मुख्य स्वर ‘आ’ हाच आहे. व्यंजने गळली की ते सारखेच भासतात. तेलुगूत पाचाला ‘ऐदु’ व साताला ‘एडु’ म्हणतात. तेथेही तोच घोटाळा संभवतो. तेव्हा गोळीची वेळ किंवा संख्या केवळ तोंडी सांगून भागत नाही. बोटे दाखवावीत, आकडा मोठ्या अक्षरात लिहावा, गोळी प्रत्यक्ष हातावर ठेवून दाखवावी.

ओरडून बोलण्याने हा दोष भरून निघत नाही. ओरडताना स्वरच मोठे होतात, व्यंजने आणखी दबतात, चेहराही रागीट दिसतो. शिवाय अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही, तसा मोठा आवाज सहनही होत नाही. म्हणून आवाज किंचित चढवून, संथ लयीत, लहान वाक्यांत व स्पष्ट उच्चारात बोलणे हाच योग्य मार्ग होय.

संभाषणाची रीत

रुग्णाशी त्याच्या समोर, त्याला दिसेल अशा जागी बसून बोलावे, हे तत्त्व फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या १८५९-६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मांडले होते. मान वळवून बोलणाऱ्याला शोधण्याचे कष्ट रुग्णाला पडू नयेत, हा त्यांचा हेतू. श्रवणदोष असलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्याला अधिक महत्त्व येते, कारण तो ओठ व चेहरा पाहूनही समजून घेत असतो. उजेड परिचारिकेच्या चेहऱ्यावर पडावा. खिडकीकडे पाठ करून बोलू नये. मुखपट्टी आवश्यक असेल तेव्हा ओठ झाकले जातात, हे ध्यानात घेऊन लेखनाचा आधार घ्यावा. पाठीमागून येऊन एकाएकी स्पर्श करू नये; रुग्ण दचकतो. रात्री मंद दिवा असावा, कारण अंधारात त्याचे डोळेही कानांच्या मदतीस येत नाहीत.

उन्हाळ्यात पूर्ण वेगाने फिरणारा पंखा, औषधांच्या ढकलगाडीचा खडखडाट, भेटीच्या वेळेची वर्दळ यांत महत्त्वाची सूचना देऊ नये. शक्य तर अशा रुग्णाची खाट दारापासून दूर, भिंतीलगत असावी. सांगून झाल्यावर ‘समजले ना?’ असे विचारू नये. त्याला उत्तर ‘हो’ हेच येते. त्याऐवजी ‘आजोबा, ही गोळी आपण केव्हा घ्याल, ते मला सांगा,’ असे म्हणावे. उत्तर चुकले, तर तेच वाक्य पुन्हा न उच्चारता शब्द बदलून सांगावे.

माणूस ओळखून सेवा

व्यक्तिकेंद्री शुश्रूषा म्हणजे रोगाबरोबर माणूसही जाणून घेणे. दाखल करून घेतानाच चार गोष्टींची नोंद करावी: कोणत्या कानाने बरे ऐकू येते, श्रवणयंत्र आहे काय, घरी कोणती भाषा बोलतात व कोणती लिपी वाचता येते. यातील शेवटचा प्रश्न हैदराबादेत फार मोलाचा आहे. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होत असे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही १९४८ पर्यंत उर्दूच होते. त्या काळी शाळेत गेलेला व आज नव्वदीच्या घरात असलेला मराठी गृहस्थ उर्दू सराईतपणे वाचत असेल; त्याच वयाच्या त्याच्या पत्नीला कदाचित कोणतीच लिपी येत नसेल. एकाला पाटीवर लिहून दाखवता येईल, दुसरीला चित्र व खूण लागेल.

नातेवाईक सोबत असले, तरी सारे बोलणे मुलाशी उरकून रुग्णाला वगळू नये. शस्त्रक्रियेस संमती द्यायची ती त्याला स्वतःला. तेव्हा ती समजून घेण्याचा अधिकारही त्याचाच आहे.

श्रवणयंत्राची निगा

श्रवणयंत्र रुमालात वा कागदात गुंडाळून ठेवू नये. ते चादरीबरोबर धुलाईला किंवा केराबरोबर बाहेर जाते. रुग्णाचे नाव लिहिलेल्या डबीत ते ठेवावे. पावसाळ्यात ओलाव्यापासून जपावे. त्याची चपटी गोल बॅटरी औषधाच्या गोळीसारखी दिसते, म्हणून ती गोळ्यांजवळ कधीही ठेवू नये. शस्त्रक्रियेस नेताना भूल देण्याच्या वेळेपर्यंत यंत्र कानात राहू द्यावे व शुद्धीवर येताच ते परत लावावे, याबाबत डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे. एमआरआय तपासणीपूर्वी मात्र ते काढलेच पाहिजे.

केव्हा कळवावे

कानातील मळ हे बहिरेपणाचे साधे व दूर करता येणारे कारण आहे. तो काडीने न कोरता डॉक्टरांना दाखवावा. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन यांसारख्या औषधांनी कानास इजा होऊ शकते. ती चालू असताना कानात गुंजारव, चक्कर किंवा अधिक बहिरेपणा जाणवल्यास त्वरित कळवावे. एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास त्याच दिवशी तज्ज्ञांची तपासणी व्हावी.

या काळजीचे फळ केवळ रुग्णाच्या समाधानापुरते नाही. अमेरिकेत न्यू हेवन येथील रुग्णालयात ७० वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या ८५२ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ऐकणे, पाहणे, झोप, हालचाल, पाणी व मनाची सावधता या सहा बाबींकडे नेमाने लक्ष पुरविलेल्या रुग्णांत तीव्र संभ्रमावस्थेचे प्रमाण ९.९ टक्के राहिले. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत ते १५ टक्के होते.

साहाय्याची साधने

हैदराबादेत कोठी येथे शासकीय कान-नाक-घसा रुग्णालय आहे. सिकंदराबादच्या मनोविकासनगरात अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. १९८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे, ते मूळ हैदराबादचे व १९७० ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते. रुग्णास घरी सोडताना परिचारिकेने ही माहिती लिहून द्यावी.

यासाठी नवा निधी वा मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक पाटी, एक डबी, खाटेशी लावलेली एक चिठ्ठी व समोर बसून बोलण्यास दिलेली दोन मिनिटे एवढ्याने पुष्कळ साधते. वृद्ध रुग्ण गप्प असेल, तर त्याला सांगण्यासारखे काही नाही असे न समजता, त्याच्यापर्यंत आपला शब्द पोहोचला काय, हे प्रत्येक परिचारिकेने प्रथम पाहावे.