गाडीखाली माणूस मेला, तर ड्रायव्हरला तुरुंग हवाच का?

आमच्या रात्रीच्या वर्गात रोज वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्यानं वाचतात. एके रात्री बातमी अपघाताची निघाली. टेम्पोखाली एक माणूस मेला होता. कोर्टानं ड्रायव्हरला कैदेची शिक्षा दिली होती. बातमी होती चार ओळींची, पण तिच्यावरचा वाद वर्ग सुटला तरी संपेना.

एक आजीबाई कोपऱ्यात बसतात. त्या सहसा बोलत नाहीत. त्या रात्री म्हणाल्या, "शिक्षा दिली ते बेस झालं. माझ्या लेकाला उडवून गाडी निघून गेली. नंबरसुद्धा कुणी पाहिला नाही. तो ड्रायव्हर आज कुठंतरी सुखानं जेवत असेल."

सगळे गप्प झाले. मग उसाचा ट्रॅक्टर चालवणारा एक गडी हळूच म्हणाला, "आजी, तुमचं दुःख खरं हाय. पण हंगामात आमची काय दशा असते बघा. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत रात्र सरते. ट्रॉली खाली केली की मालक म्हणतो, लगेच दुसरी खेप आण. पहाटे डोळा लागतो. त्या वेळी कुणी आडवं आलं, तर मी खुनी का?"

आम्हाला दोघांचंही बोलणं खोटं वाटलं नाही. म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

पूर्वी अशा खटल्याला भारतीय दंड संहितेचं ३०४-अ हे कलम लागत असे. खून म्हणजे जाणूनबुजून मारणं. या कलमात तसं नव्हतं. हयगयीनं किंवा बेदरकारपणे वागल्यामुळे कुणी मेला, तर हे कलम लागे. हयगय म्हणजे जेवढी काळजी घ्यायला हवी तेवढी न घेणं. त्याची शिक्षा होती जास्तीत जास्त २ वर्षं कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. यातला "किंवा" हा शब्द नीट वाचा. त्या एका शब्दामुळे न्यायाधीशाला नुसता दंड करूनही आरोपीला सोडता येत असे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०६ व्या कलमात कैद ५ वर्षांपर्यंत वाढली आणि तो "किंवा" गेला. आता गुन्हा शाबीत झाला तर कैद आहेच, वर दंडही आहे. मात्र कैद कमीत कमी किती, हे कलमात लिहिलेलं नाही. ते न्यायाधीशानं ठरवायचं. त्या तारखेच्या आधीच्या अपघातांना जुनाच कायदा लागतो.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. माणूस मेला एवढ्यावरून ड्रायव्हर गुन्हेगार ठरत नाही. गाडी बेताच्या वेगानं, आपल्या बाजूनं चालली आहे. पोर अचानक बोळातून धावत चाकापुढं येतं. ब्रेक दाबला तरी उपयोग होत नाही. इथं ड्रायव्हरची हयगय नसेल, तर गुन्हाही नाही. खटला उभा राहील, कोर्टाच्या खेपा पडतील, पण शिक्षा व्हायला नको.

आता दुसरं टोक पाहा. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार फूटपाथवर चढली. तिथं मजूर झोपले होते. त्यांतले ७ मेले आणि ८ जखमी झाले. गाडी चालवणारा दारू प्यायला होता. खालच्या कोर्टानं हयगय धरून त्याला ६ महिन्यांची कैद आणि ५ लाखांचा दंड केला. सात जिवांना सहा महिने! मुंबई हायकोर्टानं सदोष मनुष्यवधाचं कलम लावून ३ वर्षं कैद दिली. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये ती कायम ठेवली. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला माणसं मरू शकतात हे कळत असतं, असा त्यामागचा विचार आहे.

मग आमच्या ट्रॅक्टरवाल्याचं काय? त्याला झोप अनावर होती, तरी तो चालवत राहिला. ही हयगय आहे, हे आम्ही त्याला तोंडावर सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. पण त्याला दुसऱ्या खेपेला पाठवणारा मालक कुठं आहे? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ट्रक-बसच्या ड्रायव्हरला दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, अशी मर्यादा होती. पण तो कायदा जिथं पाच किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथलाच होता. एक-दोन ट्रॅक्टरवाल्या मालकाला तो विचारत नव्हता. आणि पिंजऱ्यात उभा राहतो तो ड्रायव्हर एकटा. हे आम्हाला बरोबर वाटत नाही.

सुप्रीम कोर्टानं २००० साली एका बसचालकाच्या खटल्यात कडक भूमिका घेतली होती. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सवलत अशा ड्रायव्हरांना देऊ नये, असं कोर्ट म्हणालं. चाकामागं बसणाऱ्याच्या मनात तुरुंगाचं भय सतत हवं, हे त्याचं कारण. भय हवं, हे आम्हीही मानतो. पण जो पकडलाच जात नाही त्याला कसलं भय? आजीबाईंच्या लेकाला उडवणारा सापडला नाही. त्याला ५ वर्षं काय नि १० वर्षं काय, सारखीच.

पळून जाणाऱ्यासाठीच नव्या कायद्यात एक पोटकलम लिहिलं. अपघात करून पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळाला, तर १० वर्षांपर्यंत कैद. त्यावर जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी संप केला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारनं बोलणी केली, आणि १ जुलैला बाकी कायदा लागू झाला तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं.

ड्रायव्हरांचं म्हणणं होतं, थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही. हे नुसतं निमित्त नाही. जखमीला दवाखान्यात न्यायची जबाबदारी मोटार वाहन कायद्यानं ड्रायव्हरवर टाकली आहे. पण जमाव खवळलेला असेल तर ती सूट आहे, असं कायद्यातच लिहिलं आहे. म्हणजे आपल्या गावाचा राग कायद्यालाही ठाऊक आहे! ट्रॅक्टरवाला म्हणाला, "लोक मारणार नाहीत एवढा भरवसा द्या, मी थांबतो." वर्गात त्याला कुणी उत्तर दिलं नाही. आपल्या फाट्यावर मागं काय झालं होतं, ते साऱ्यांना आठवत होतं.

आमचं मत असं आहे. दारू पिऊन मारणाऱ्याला आणि जखमीला तडफडत टाकून पळणाऱ्याला तुरुंग हवाच. पण ज्याची चूक क्षणाची आहे, ज्यानं जखमीला स्वतः दवाखान्यात नेलं, पोलिसांत हजर झाला, त्यालाही कैद दिलीच पाहिजे असं न्यायाधीशाला बांधून टाकणं आम्हाला पटत नाही. तो जुना "किंवा" राहायला हवा होता. कैदेची मुदत कमी करता येते हे खरं, पण तुरुंगाचा डाग थोड्या दिवसांचा असला तरी डागच. आजीबाईंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमचं कुणी गेलं नाही म्हणून बोलता." यावर आम्ही काय बोलणार?

मग आम्ही त्यांना विचारलं, "आजी, भरपाईचा अर्ज केला का?" त्यांना वाटत होतं, गाडी सापडली नाही म्हणजे काहीच मिळत नाही. तसं नाही. न सापडलेल्या गाडीखाली माणूस मेला तर १ एप्रिल २०२२ पासून २ लाख रुपये आणि जबर जखमी झाला तर ५० हजार, अशी सरकारी योजना आहे. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत चौकशी करून द्यावा. गाडी सापडली असेल, तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करतात. त्याला उशीर करू नये.

आजीबाईंनी दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या फिर्यादीची नक्कल, शवविच्छेदनाचा कागद आणि बँकेचं पासबुक फडक्यात बांधून आणलं. अर्ज ट्रॅक्टरवाल्यानं लिहिला, कारण वर्गात त्याचं अक्षर बरं आहे. मुलाच्या नावाशी तो अडला. आजीबाईंनी ते त्याला अक्षर अक्षर करून सांगितलं, आणि खाली आपली सही केली.