संगणकाची स्मृती : बसविलेली किती, वापरात किती?

बंगळुरूच्या टाउन हॉलपासून जवळच असलेला सादर पत्रप्पा रोड सर्वांच्या तोंडी 'एस. पी. रोड' याच नावाने रुळला आहे. संगणकाच्या सुट्या भागांची ही बाजारपेठ. समजा, सन २००८ च्या सुमारास शहरातील एखाद्या लघुउद्योजकाने येथून संगणक घेतला. बंगळुरूच्याच कंपनीने तयार केलेल्या टॅलीवर त्याचे हिशेब चालत होते. व्यवसाय वाढला, काम मंदावले, म्हणून त्याने दोन जी.बी. रॅमच्या जोडीला आणखी दोन जी.बी.ची पट्टी बसवून घेतली. संगणक सुरू केला, तर पडद्यावर आकडा आला ३.२५ जी.बी. चार जी.बी.चे पैसे मोजले आणि पाऊण जी.बी. गेली कोठे? विक्रेत्याने फसविले, असाच त्याचा समज होणार.

प्रत्यक्षात विक्रेता निर्दोष असू शकतो, पट्टीही अस्सल असू शकते. संगणकात बसविलेली स्मृती आणि कार्यप्रणालीला वापरता येणारी स्मृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद ठाऊक नसल्यास ग्राहकाचा पैसा वाया जातो. क्वचित तो असा उपाय करून बसतो, की ज्यामुळे त्याच्या बँक खात्याची सुरक्षितताही धोक्यात येते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे हिताचे आहे.

पत्ता नाही, तर कप्पा निरुपयोगी

रॅम म्हणजे संगणकाचे कामाचे टेबल. चालू असलेले काम तेवढे येथे मांडलेले असते. वीज गेली की टेबल रिकामे. या स्मृतीचे असंख्य लहान कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एक बाइट माहिती राहते आणि प्रत्येक कप्प्याला एक क्रमांक असतो. या क्रमांकालाच पत्ता म्हणतात. प्रोसेसर कप्प्यापर्यंत पोहोचतो तो केवळ पत्त्याच्या आधारे.

बँकेतील जुन्या खातेवहीचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. एखाद्या शाखेत खाते क्रमांकासाठी चारच रकाने आखलेले आहेत, असे मानू. ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार क्रमांक होतील. शाखेने नवी कपाटे आणली, खातेवह्या वाढविल्या, तरी दहा हजारांच्या पुढील ग्राहकाला क्रमांक देता येणार नाही. जागा आहे, पण क्रमांक नाही, अशी ही अडचण.

संगणकाचे अंक दोनच, शून्य आणि एक. पत्त्यासाठी असे ३२ रकाने, म्हणजेच ३२ बिट असतील, तर एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. तेवढे बाइट म्हणजे बरोबर चार जी.बी. इंटेलने १९८५ मध्ये ३८६ हा ३२ बिटचा प्रोसेसर आणला, तेव्हा ही मर्यादा कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते. त्या काळच्या संगणकात काही मेगाबाइट स्मृती असली तरी ती भरपूर समजली जाई. दोन दशकांनी चार जी.बी. रॅम सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली आणि ही भिंत आडवी आली.

राखून ठेवलेले क्रमांक

चार जी.बी.चे पत्ते आहेत आणि रॅमही चार जी.बी.च आहे, तर ती पूर्ण दिसायला हवी, अशी शंका येथे येईल. तिचे उत्तर पुन्हा खातेवहीतच सापडते. शाखेतील सर्व क्रमांक ग्राहकांच्या वाट्याला येत नाहीत. अनामत, विविध धनको, मुख्य कार्यालय अशा अंतर्गत खात्यांसाठीही काही क्रमांक लागतात. दहा हजारांतून असे काही शे क्रमांक वजा केले, की उरतील तेवढेच ग्राहकांचे.

संगणकातही तसेच घडते. प्रोसेसरला केवळ रॅमशीच व्यवहार करावयाचा नसतो. पडद्यावर चित्र उमटविणारे ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, ध्वनीची यंत्रणा, संगणक सुरू करणारी बायॉस आज्ञावली या सर्वांशी तो पत्त्यांच्याच आधारे बोलतो. त्यांच्यासाठी चार जी.बी.च्या वरच्या टोकाचे पत्ते राखले जातात. हे पत्ते ७६८ एम.बी.चे असतील, तर ४,०९६ मधून ७६८ वजा जाता ३,३२८ एम.बी. उरतात, म्हणजे ३.२५ जी.बी. आपल्या उद्योजकाच्या पडद्यावर हाच आकडा होता. राखीव पत्त्यांखाली आलेली रॅम पट्टीवर जागच्या जागी असते. तिला हाक मारण्यासाठी क्रमांक तेवढा उरलेला नसतो.

मोठ्या क्षमतेचे ग्राफिक्स कार्ड बसविल्यास राखीव पत्ते वाढतात आणि वापरता येणारी रॅम आणखी घटते. म्हणूनच चार जी.बी.च्याच दोन संगणकांवर भिन्न आकडे दिसत.

ही पद्धत नवी नव्हे. आय.बी.एम.ने १९८१ मध्ये आणलेल्या वैयक्तिक संगणकात पत्त्यांसाठी २० बिट होते, म्हणजे एकूण एक एम.बी. त्यातील ६४० के.बी. वापरकर्त्याच्या आज्ञावलींसाठी आणि उरलेले ३८४ के.बी. पडदा व इतर उपकरणांसाठी ठेवले होते. भिंत तीच, पुढे ती चार जी.बी.पर्यंत सरकली इतकेच.

भिंत ओलांडण्याचे प्रयत्न

अभियंते स्वस्थ बसले नव्हते. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरमध्ये पत्त्यांचे बिट ३२ वरून ३६ केले. त्यामुळे ६४ जी.बी. स्मृतीपर्यंत पोहोचणे शक्य झाले. पुढे मदरबोर्डवरील चिपसेटमध्येही राखीव पत्त्यांखाली दबलेली रॅम उचलून तिला चार जी.बी.च्या पलीकडचे पत्ते देण्याची सोय आली. मात्र खातेवहीत पाच अंकी क्रमांक लिहिले, तरी ते वाचणारा लेखनिक चारच अंक वाचत असेल, तर उपयोग काय? तो लेखनिक म्हणजे कार्यप्रणाली.

मायक्रोसॉफ्टने सर्व्हरसाठीच्या काही ३२ बिट आवृत्त्यांना पलीकडचे पत्ते वापरण्याची मुभा दिली. घरगुती व कार्यालयीन वापराच्या ३२ बिट विंडोज एक्सपीला ती दिली नाही. याचे एक कारण परवान्याचे होते, दुसरे तांत्रिक. उपकरणे चालविणाऱ्या लहान आज्ञावलींना ड्रायव्हर म्हणतात. चार जी.बी.च्या पुढे पत्ते असू शकतात, हे अनेक ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरले नव्हते. असा पत्ता समोर आला, की ड्रायव्हर गोंधळे आणि संगणक बंद पडे. थोडी स्मृती गमवावी, पण काम अखंड चालावे, असा हा निर्णय होता. त्याच काळात लिनक्सच्या ३२ बिट आवृत्त्यांना ही वाढीव स्मृती वापरता येत असे. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. मर्यादा कधी यंत्राची असते, तर कधी कार्यप्रणाली देणाऱ्याने घातलेली.

चौसष्ट बिटची वाट

यावर खरा उपाय पत्त्यांचे रकाने वाढविण्याचा. ए.एम.डी.ने २००३ मध्ये ऑप्टेरॉन व ॲथलॉन ६४ हे प्रोसेसर आणले. जुन्या ३२ बिट आज्ञावली चालवितानाच ६४ बिटचीही सोय त्यांत होती. इंटेलनेही पुढे तीच वाट धरली. या वाटचालीत बंगळुरूचा वाटा अभिमानास्पद आहे. सप्टेंबर २००८ मध्ये सादर झालेला इंटेलचा झिऑन ७४०० हा सहा गाभ्यांचा सर्व्हर प्रोसेसर प्रामुख्याने बंगळुरूच्या अभियंत्यांनी घडविला होता. ज्या वर्षी आपला उद्योजक ३.२५ च्या कोड्यात पडला, त्याच वर्षी त्याच शहरातून या कोड्याच्या पलीकडे जाणारी चिप जगभर गेली.

बँकांनीही असेच स्थित्यंतर अनुभवले. कोअर बँकिंग आले, तेव्हा शाखेपुरते आखूड खाते क्रमांक जाऊन सर्व शाखांना पुरतील असे लांब क्रमांक आले. ग्राहकांना नवा क्रमांक पाठ करताना थोडा त्रास झाला. पण त्यामुळेच कोणत्याही शाखेतून व्यवहार करता येऊ लागला.

आजच्या ग्राहकाने काय पाहावे?

२०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्ती मुळी निघालीच नाही. नव्या संगणकावर चार जी.बी.ची भिंत त्यामुळे आड येत नाही. तरीही बसविलेली व वापरातील स्मृती यांत फरक दिसू शकतो. तो दिसल्यास पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम' व त्यातील 'अबाउट' येथे बसविलेली रॅम व कंसात वापरण्याजोगी रॅम दिसते. तेथेच कार्यप्रणाली ३२ बिटची की ६४ बिटची, हेही कळते.

२. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात पडद्याच्या कामासाठी मुख्य रॅममधीलच काही भाग बाजूला काढला जातो. 'टास्क मॅनेजर'मध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ड' या नावाने तो दिसतो. थोडा फरक असल्यास चिंतेचे कारण नाही.

३. पट्टीची जवळपास सर्वच क्षमता गायब असेल, तर ती नीट बसलेली नाही, सदोष आहे किंवा मदरबोर्डची कमाल मर्यादा ओलांडली आहे, अशी शक्यता असते. येथे विक्रेत्याला विचारणे रास्त ठरते.

४. 'एमएसकॉन्फिग'मधील 'बूट' विभागात कमाल स्मृतीचा आकडा कोणी निश्चित करून ठेवला असल्यास ती खूण काढून टाकावी.

५. कार्यप्रणालीच्या आवृत्तीनुसारही मर्यादा बदलते. ६४ बिटचीच विंडोज ७ असली, तरी होम बेसिकला ८, होम प्रीमियमला १६, तर प्रोफेशनलला १९२ जी.बी. अशी मर्यादा होती.

जुना संगणक हाती असल्यास रॅम विकत घेण्यापूर्वीच प्रोसेसर, मदरबोर्ड आणि कार्यप्रणाली या तिघांची मर्यादा पाहावी. तिघांपैकी जी सर्वांत कमी, तीच खरी.

सुरक्षिततेचा मुद्दा

अडकलेली स्मृती मोकळी करून देतो, असे सांगून ३२ बिट कार्यप्रणालीच्या गाभ्यातच फेरफार करणाऱ्या अनधिकृत आज्ञावली प्रसृत झाल्या होत्या. संगणकाच्या गाभ्यात हात घालणाऱ्या अनोळखी आज्ञावलीला प्रवेश देणे म्हणजे तिजोरीची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखेच आहे. त्याच संगणकावरून नेट बँकिंग होत असेल, तर पाऊण जी.बी.साठी हा सौदा फार महाग पडेल.

कालबाह्य कार्यप्रणालीचेही तसेच. विंडोज एक्सपीला मिळणारे सुरक्षा साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले. त्यानंतरही अनेक ए.टी.एम. तिच्यावरच चालत राहिल्याने भारतीय रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना ती टप्प्याटप्प्याने बदलण्याचे आदेश दिले आणि जून २०१९ ही अंतिम मुदत ठरविली. विंडोज १० चे नियमित साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जो नियम बँकेच्या यंत्राला, तोच ग्राहकाच्या टेबलावरील संगणकालाही लागू आहे. म्हणून जुन्या कार्यप्रणालीवर रॅमची भर घालण्यापूर्वी तोच खर्च सुरक्षित कार्यप्रणालीकडे वळविता येईल का, हे आधी पाहावे.

बँकेत कर्ज मंजूर होते ती रक्कम एक, आणि वजावटींनंतर हाती पडते ती रक्कम दुसरी. सूज्ञ कर्जदार सहीपूर्वीच दोन्ही आकडे विचारून घेतो. संगणकाची स्मृती विकत घेतानाही बसविलेली किती आणि वापरात येणार किती, हे दोन्ही प्रश्न पैसे मोजण्यापूर्वीच विचारावेत.