मुरुमांवर मलम लावण्यापूर्वी

दहावी-बारावीच्या वर्गात नजर फिरवली, तर बहुतेक मुलामुलींच्या चेहऱ्यावर कमी-अधिक मुरूम दिसतात. घरात त्याची कारणे ठरलेली असतात. 'तोंड नीट धूत नाहीस', 'रक्त खराब झालंय', 'पोट साफ होत नाही'. ऐकून ऐकून मूल आरशासमोर जायचे टाळते, फोटोत मागे उभे राहते. म्हणून मुरूम का येतात, हे आधी समजून घेऊ.

आपल्या त्वचेवरील प्रत्येक केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी बारीक ग्रंथी असते. वयात येताना शरीरातील अँड्रोजन संप्रेरके वाढतात, मुलींच्याही. त्यामुळे ग्रंथी जास्त तेल सोडते. त्याच वेळी केसाच्या छिद्रातील मृत पेशी चिकटून तोंड बंद होते. आत साचलेल्या तेलात त्वचेवर नेहमीच राहणारे जिवाणू वाढतात, सूज येते आणि पू होतो. छिद्राच्या तोंडाशी दिसणारा काळा ठिपका म्हणजे मळ नव्हे. तो त्वचेतील रंगद्रव्याचा हवेशी संपर्क आल्याने काळा पडतो. म्हणून दिवसातून सहा वेळा साबण घासून मुरूम जात नाहीत, उलट त्वचा कोरडी पडून चिडते. सौम्य साबणाने वा फेसवॉशने दोनदा तोंड धुणे पुरेसे आहे. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्यावर लावू नये. त्याने आग होते आणि मागे डाग राहतात.

आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती औषध दुकानातून विचारून आणलेल्या ट्यूबची. लग्नाची बोलणी चालू असतात, मुलाखत जवळ आलेली असते, मग शेजारीण एक क्रीम सुचवते. आठ दिवसांत मुरूम बसतात, रंगही उजळतो. अशा अनेक क्रीममध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन हे स्टिरॉइड असते. ते सूज दाबते, मुरुमाचे मूळ तसेच राहते. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी त्वचा पातळ होते, उन्हात चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालावर लव वाढते आणि नवे मुरूम येतात. क्रीम बंद केले की त्रास उसळतो, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. तरीही ती सहज मिळतात. घरातील ट्यूबवरची नावे आजच वाचा. यांपैकी एखादे क्रीम बरेच दिवस लावत असाल, तर ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते कसे सोडवायचे हे तेच ठरवतील.

तज्ज्ञ मुरुमांची तीव्रता पाहून उपचार ठरवतात. सौम्य मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइडचे जेल आणि रात्री अडॅपलीन किंवा ट्रेटिनॉइन देतात. वाटाण्याएवढे जेल साऱ्या चेहऱ्याला पुरते. ते फक्त मुरुमावर टेकवायचे नसते, मुरूम येणाऱ्या सर्व भागावर पातळ पसरायचे. सुरुवातीचे काही आठवडे त्वचा कोरडी होते, सोलवटते. इथेच बरेच जण औषध सोडून देतात. गुण दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीच्या अभ्य्राचा रंग उडतो, म्हणून पांढरे कापड वापरा.

मुरूम जास्त आणि सुजलेले असतील, तर सोबत डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या साधारण तीन महिने देतात. खोल गाठी होऊन खड्डे पडत असतील, तर आयसोट्रेटिनॉइन हे प्रभावी औषध आहे. पण गरोदरपणात ते घेतल्यास बाळात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. म्हणून उपचार चालू असताना आणि संपल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते, रक्ताच्या तपासण्याही होतात. मैत्रिणीची गोळी म्हणून ते कधीही घेऊ नये. अडॅपलीन, ट्रेटिनॉइन व डॉक्सिसायक्लिनही गरोदरपणात टाळतात, तेव्हा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर तेही सांगा, कारण मूळ संप्रेरकांत असू शकते.

मुरूम गेल्यावर उरलेले काळे डाग हळूहळू, काही महिन्यांत फिके होतात. ऊन टाळणे, सनस्क्रीन लावणे आणि मुरूम न फोडणे एवढे पाळले तरी मोठी मदत होते. खड्डे मात्र आपोआप भरत नाहीत, त्यावर वेगळे उपचार करावे लागतात. म्हणून गाठी दिसताच थांबू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. केसपेपर काढून तिथे दाखवता येते.

पालकांना आमची एक विनंती आहे. मुलांना टोमणे मारू नका, त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा. उपचार मुरुमांवर करायचे आहेत. आपला सावळा रंग हा आजार नाही आणि त्याला औषध लागत नाही.