शालेय मैदानी स्पर्धा आणि संगणकावरील यादी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

शाळेच्या क्रीडास्पर्धा म्हटल्या की चुन्याने आखलेले मैदान, पंचांची शिट्टी आणि दोरीच्या पलीकडे ओरडणारी मुले डोळ्यांपुढे येतात. परंतु ही स्पर्धा त्यापूर्वी महिनाभर आधीच एका यादीत सुरू झालेली असते. पूर्वी ही यादी शारीरिक शिक्षणाचे सर जाड वहीत करीत. आता ती संगणकावर होते. या बदलाने काय सोपे झाले, काय अवघड झाले आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखात हे काम कसे करावे, याविषयी गेल्या दोन वर्षांत जे शिकले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नाही. माझे विषय मराठी, इतिहास व समाजशास्त्र. तेव्हा काही चुकल्यास प्राध्यापकवर्गाने सांभाळून घ्यावे, ही विनंती.

आपल्याकडे शाळकरी खेळाडूंना पुढे जाण्याच्या दोन वाटा आहेत. एक शालेय क्रीडा स्पर्धांची. ती तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाते आणि तिच्यात १४, १७ व १९ वर्षांखालील असे वयोगट असतात. दुसरी वाट आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांची. तेथे प्रकल्प, विभाग व राज्य अशा पायऱ्या आहेत. गडचिरोली जिल्ह्यात गडचिरोली, अहेरी व भामरागड हे तीन प्रकल्प आणि चंद्रपूर जिल्ह्यात चंद्रपूर व चिमूर हे दोन. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात भरल्या होत्या. म्हणजे या वाटेचे शेवटचे टोक त्या वर्षी आपल्याच जिल्ह्यात येऊन ठेपले होते. पण वाटेचे पहिले टोक कोठे आहे? ते एटापल्ली, धानोरा, कोरची, जिवती अशा तालुक्यांतील शाळांच्या कार्यालयात, एका टेबलावर, एका यादीत आहे.

हे मला कसे कळले ते सांगणे भाग आहे. मी आश्रमशाळेत शिकले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. २०२२ साली अकरावीत असताना मी सतरा वर्षांखालील गटात ८०० मीटर धावत असे आणि शाळेच्या निवड चाचणीत पहिली आले होते. स्पर्धेच्या ठिकाणी पोचलो, तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी छापील कागदावरून दोनदा बोट फिरवले आणि ‘नाव यादीत नाही’ असे सांगितले. शाळेच्या दाखल्यावर माझे आडनाव एका तऱ्हेने लिहिलेले होते, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. आमच्याकडे हे नवल नाही. आत्रामचे अत्राम होते, नरोटीचे नरोटे होते. लिहिणाऱ्याच्या कानाला जसे ऐकू येईल तसे. वहीचे दिवस असते तर सरांनी ‘अहो, ही तीच मुलगी’ म्हटले असते आणि काम भागले असते. छापील यादीपुढे ते शब्द चालले नाहीत. मी दिवसभर आमच्या मुलींच्या चपला व पिशव्या सांभाळीत बसले.

त्या दिवसापासून माझा संगणकावर राग होता, हे कबूल करते. बारावीनंतर सुटीत गावी गेले असता आमच्या क्रीडा शिक्षकांनीच मला शाळेच्या संगणकावर बसवले. ‘रागावतेस ना, मग तूच यादी कर,’ असे म्हणाले.

खेळांच्या नियोजनासाठी तयार आज्ञावली मिळतात. अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत हाय-टेक कंपनीची ‘मीट मॅनेजर’ पुष्कळ वापरली जाते. नोंदणी, शर्यतींचे गट, निकाल, गुण सारे ती करते. परंतु अशी आज्ञावली काही गोष्टी गृहीत धरते. खेळाडूची पूर्वीची वेळ नोंदलेली आहे, मैदानाला आठ पट्टे आहेत, वीज जात नाही. आमच्या मैदानाला सहा पट्टे, तेही पाऊस आला की पुन्हा आखायचे. म्हणून आम्ही साधी स्प्रेडशीट घेतली. रकान्यांचा हा कागद संगणकावर प्रथम १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ या नावाने आला. तेव्हा गडचिरोली हा जिल्हाही जन्माला यायचा होता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. स्प्रेडशीट इंटरनेटवाचून चालते, हा आमच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण.

पहिला नियम सरांनीच घालून दिला. एका विद्यार्थ्याची एकच ओळ आणि त्याला शाळेच्या हजेरीपटावरून एक क्रमांक. नाव कसेही लिहिले जावो, क्रमांक बदलायचा नाही. दुसऱ्या पानावर प्रत्येक क्रीडाप्रकाराची नोंद आणि तेथे केवळ तो क्रमांक. नावाच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवला, ‘आधारवरील नाव’. दोन्ही नावे जुळत नसतील तर ती ओळ पिवळी होते. हे सूत्र बसविण्यास मला एक संध्याकाळ लागली, पण त्या संध्याकाळी सतरा ओळी पिवळ्या झाल्या. अर्ज भरण्याची मुदत संपण्यास तेव्हा अठरा दिवस उरले होते. दुरुस्तीसाठी पालकांना निरोप धाडावा लागतो, पालक गावाहून यावा लागतो, आणि पावसाळ्यात नाला भरला की तो येत नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रात वाचत आलो आहोत. संगणकावरील मुदत मात्र रात्री बारा वाजता संपते, पूर असो वा नसो. म्हणून ही तपासणी जूनमध्ये, शाळा उघडताच करावी असे माझे मत झाले आहे.

दुसरे काम वयोगटांचे. २०२४-२५ या वर्षी चौदा वर्षांखालील गटासाठी जन्म १ जानेवारी २०११ रोजी किंवा त्यानंतरचा, सतरासाठी १ जानेवारी २००८ आणि एकोणिसासाठी १ जानेवारी २००६, अशी अट होती. माणसाच्या हातून दोनशे मुलांचे वय काढताना दोन-चार चुका होणारच. संगणक ते क्षणात काढतो. (आमच्या शाळेत निम्म्या मुलांचा जन्म जून महिन्यातला आहे. पूर्वी प्रवेशाच्या वेळी गुरुजींना जी तारीख सोयीची वाटे ती लागे. त्याला संगणकाचा इलाज नाही.)

आता शर्यतींचे गट. मला स्वतःला या कामात सर्वांत गोडी वाटली, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. समजा, १०० मीटरसाठी २७ मुली आहेत आणि पट्टे सहा. तेव्हा पाच गट पडतात, तीन गटांत पाच-पाच आणि दोघांत सहा-सहा. पूर्वी आमच्याकडे नावे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने गट पाडीत. त्यामुळे दहावीच्या साऱ्या वेगवान मुली एकाच गटात येत आणि त्यांतील एकच पुढे जाई. दुसऱ्या गटात मात्र चालत गेल्यासारखी धावलेली मुलगी अंतिम फेरीत पोचे. योग्य रीत नागमोडी आहे. आधी वर्गवार चाचणी घेऊन प्रत्येकीची वेळ लिहायची आणि वेळेप्रमाणे १ ते २७ क्रम लावायचा. पहिल्या पाच मुली अ, ब, क, ड, इ या गटांत एकेक. सहावी पुन्हा इ मध्ये, सातवी ड मध्ये, असे उलट येत दहावी अ मध्ये. अकरावी परत अ मध्ये आणि तेथून पुन्हा पुढे. शेवटी अ गटात १, १०, ११, २०, २१ या मुली येतात आणि इ गटात ५, ६, १५, १६, २५, २६. प्रत्येक गटाला थोडी सोपी, थोडी कठीण वाटणी मिळते. हे कागदावरही करता येते, परंतु ऐनवेळी दोन मुली तापाने आजारी पडल्या की कागदावर सारे पुसून पुन्हा मांडावे लागते. संगणकावर एक मिनिट पुरते.

अंतिम फेरीसाठी पाच गटांतील पहिल्या पाच आणि उरलेल्यांतून सर्वांत कमी वेळेची एक, अशा सहा घेतल्या. ही सहावी जागा फार अवघड. ती केवळ घड्याळावर ठरते आणि घड्याळ माणसाच्या अंगठ्यावर चालते. स्टॉपवॉच १४.३२ असे शतांश दाखवते, म्हणून मीही तसेच टंकित केले होते. सरांनी ते खोडायला लावले. हाताने घेतलेली वेळ पुढच्या दशांशावर न्यावी लागते, म्हणजे १४.३२ ची १४.४. तीन घड्याळे तीन वेळा दाखवीत असतील तर मधली धरायची. दोनच असतील तर जास्तीची. घड्याळ सुरू करायचे ते क्लॅपरच्या फळ्या मिटताना पाहून. आवाज ऐकून सुरू केले तर उशीर होतो. हाताच्या वेळेवर किती विसंबावे, हा प्रश्न जगालाही पडला होता. १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींच्या जागतिक विक्रमासाठी संपूर्ण स्वयंचलित वेळमापन सक्तीचे झाले. संगणकाच्या पडद्यावर आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत सुबक दिसतो आणि त्यामुळेच तो खरा वाटतो. यापासून सावध राहावे.

एकाच मुलीची ८०० मीटर व लांब उडी एकाच वेळी येणे, ही अडचण क्रमांकावरून नोंदी लावल्या की लगेच दिसते. कबड्डी व खो-खोची भाग्यपत्रिका तर सोपीच आहे. बाद पद्धतीत अकरा संघ असतील तर सोळातून अकरा वजा करून पाच संघांना पुढे चाल, आणि एकूण सामने दहा. पंचांची सभा, चुना, टेप, शिट्ट्या यांचे पान आम्ही केले होते, पण ते कोणी उघडून पाहिले नाही. ती कामे सरांच्या तोंडी सांगण्यानेच झाली.

आता जे लिहायचे ते लिहिताना मला जड जाते. २०२४ च्या निवड चाचणीच्या सकाळी सारे सुरळीत चालले होते. प्रत्येक गटाची छापील यादी तयार, छातीक्रमांक तयार. ४०० मीटरची प्राथमिक फेरी संपली आणि नववीतील एक मुलगी माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. काही बोलेना. तिच्या छातीवर क्रमांक नव्हता. मी यादीवरून बोट फिरवले, आणि ‘तुझे नाव नाही’ हे शब्द माझ्या तोंडून गेले. ते ऐकून मलाच धक्का बसला.

दुपारी शोधले तेव्हा कारण सापडले. काही नावे भरण्यास एका विद्यार्थ्याने मदत केली होती. त्याने मोबाईलच्या मराठी कळफलकावरून जन्मतारीख देवनागरी आकड्यांत लिहिली होती. आमच्या संगणकाने ती तारीख म्हणून ओळखलीच नाही, नुसती अक्षरे मानली. मी २००८ ते २०१० या दरम्यानच्या तारखा निवडून सतरा वर्षांखालील यादी काढली, त्यात ती आली नाही. दुसऱ्या गटांच्या याद्यांतही आली नाही. अशी पाच नावे होती. यंत्राने तक्रार केली नाही, काही लाल-पिवळे झाले नाही. चौघे इतर दिवशीच्या खेळांत असल्याने सावरता आले. हिला सरांनी एकटीला धावायला लावून वेळ घेतली. एकटीने चारशे मीटर धावणे कसे असते ते धावणाऱ्यालाच ठाऊक. शेजारच्या पट्ट्यात कोणी असले म्हणजे शेवटच्या वळणावर पाय आपोआप उचलतात. तिची वेळ संघात येण्याइतकी झाली नाही. सोबत धावली असती तर झाली असती का, हे सांगता येत नाही. ‘बरं ताई,’ म्हणून ती वसतिगृहाकडे निघून गेली. २०२२ साली टेबलामागे बसलेल्या त्या गृहस्थांवर मी इतके दिवस रागावले होते. त्या दिवशी टेबलामागे मी होते आणि यादीही माझीच होती.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली हिशेबाची. सर्व गटांच्या याद्यांची बेरीज मूळ यादीतील ओळींइतकी आलीच पाहिजे. पाचाचा फरक असता तर तो तेव्हाच दिसला असता. तारखेच्या रकान्यात अक्षरे आली तर तीही आता पिवळी होतात. दुसरी गोष्ट संगणकाबाहेरची. मुदतीच्या आठ दिवस आधी यादी छापायची आणि सकाळी प्रार्थनेनंतर सर्व मुलांपुढे मोठ्याने वाचायची. प्रथम नाव, मग गाव, मग खेळ. गाव वाचणे आवश्यक आहे, कारण एकाच नावाच्या दोन-तीन मुली असतातच. एखाद्या लहान मुलाला मराठी नीट उमगत नसेल तर मोठी मुले त्याला माडियात सांगतात. दोनशे नावे वाचायला अर्धा तास लागतो. पहिला तास थोडा बुडतो, त्याबद्दल गणिताच्या सरांची नाराजी असते.

या वर्षी वाचन मी केले. संपल्यावर विचारले, कोणाचे नाव राहिले? तीन हात वर झाले. दोघांची नावे खरोखरच राहिली होती, ती तेथेच पेन्सिलीने लिहून घेतली. तिसरा सहावीतला मुलगा होता. त्याचे नाव गोळाफेकीत बरोबर वाचले गेले होते. त्याला कबड्डीत जायचे होते.