तुरन्नाच्या पाठशाळेतील दुपार

शास्त्रवाचन : प्रे. कृत्ये १९:८-१०, २०:१७-३५, इफिस. ४:११-१२

इफिस येथील सभास्थान सोडल्यावर पौल तुरन्नाच्या पाठशाळेत दररोज शिकवू लागला आणि हा क्रम दोन वर्षे चालला, एवढेच आपल्या पवित्र शास्त्रात वाचावयास मिळते. परंतु ‘बेझा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन हस्तलिखितात येथे आणखी एक तपशील आढळतो. पौल पाचव्या तासापासून दहाव्या तासापर्यंत, म्हणजे सुमारे सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत शिकवीत असे. हे शब्द मूळ संहितेतील नसावेत, म्हणून आम्ही भाषांतरकार ते घेत नाही. तरी त्यांत खरी आठवण जतन झाली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. ती वेळ लोकांच्या विश्रांतीची होती.

पुढे याच इफिसच्या वडिलांना निरोप देताना पौल आपले हात दाखवितो. याच हातांनी आपण स्वतःच्या व सोबत्यांच्या गरजा भागविल्या, असे तो सांगतो (२०:३४). तेव्हा शिक्षकच पोटासाठी राबून उरलेला वेळ देत होता. दोन वर्षांत आशिया प्रांतातील सर्व रहिवाशांनी प्रभूचे वचन ऐकले, असे लूक लिहितो. पौल एकटा सर्वत्र गेला नव्हता. कलस्सैकरांनी तर त्याचे तोंडही पाहिले नव्हते, त्यांना सुवार्ता शिकविली ती एपफ्रासाने (कलस्सै. १:७, २:१).

इफिस. ४:१२ चा अर्थ लावताना एका स्वल्पविरामाने मोठा फरक पडतो. ‘पवित्र जनांना सिद्ध करणे’ यानंतर तो घातला, तर सेवेचे सारे काम पाळक व शिक्षक यांचेच ठरते. तो काढला, तर पवित्र जनांनी सेवा करावी म्हणून पाळकांनी त्यांना सिद्ध करावे, असा अर्थ निघतो. ‘सिद्ध करणे’ याच्याशी संबंधित ग्रीक क्रियापद मार्क १:१९ मध्ये जाळी नीट करण्यासाठी आले आहे. जाळे नीट करावयाचे ते पुन्हा पाण्यात टाकण्यासाठीच.

हीच दृष्टी १९६३ मध्ये ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने स्वीकारली. ग्रामीण मंडळ्यांचे खरे पुढारी प्रपंच व शेती सोडून वसतिगृहात येऊ शकत नव्हते. म्हणून शिक्षकच ठरलेल्या दिवशी त्यांच्याकडे जाऊ लागले. आपल्या देशात याच पद्धतीने शिक्षण देण्यासाठी १९७१ मध्ये ‘टॅफ्टी’ ही संस्था स्थापन झाली.

या पद्धतीस रेल्वेमार्गाची उपमा देतात. घरचा अभ्यास हा एक रूळ, मंडळीतील प्रत्यक्ष सेवा हा दुसरा. आणि दोहोंना बांधून ठेवणारे स्लीपर म्हणजे शिक्षक व सहाध्यायी यांच्या नियमित बैठका. बैठका बंद पडल्या की उरते ते केवळ पुस्तिकांतील गाळलेल्या जागा भरणे. सेवा नसेल, तर ज्ञान वाढते पण मंडळी वाढत नाही.

‘अर्धवेळ शिक्षण म्हणजे कच्चे शिक्षण’ हा आक्षेप आपण नेहमी ऐकतो. प्रियजनहो, प्रश्न निराळा आहे. अनेक खेडेगावांत पाळकांचे येणे महिन्यातून एकदाच होते. उरलेल्या रविवारी उपदेश करणारा बंधू शेतकरी असतो, कारकून असतो. कोठे शिक्षिका असलेली भगिनी ही सेवा करते. ते शिकवीत आहेतच; त्यांना कोणी शिकविते काय? त्यांच्या तोंडून चुकीची शिकवण गेली, तर दोष त्यांना एकट्यांना देता येईल काय? अपुल्लोची शिकवण अपुरी होती, तेव्हा अक्विला व प्रिस्किल्ला यांनी त्याला गप्प केले नाही. त्यांनी त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला (१८:२६). तेही तंबू करणारेच होते.

मननासाठी प्रश्न
१. आपल्या मंडळीत पाळकांच्या अनुपस्थितीत कोण शिकविते? त्यांच्या अभ्यासासाठी मंडळीने काय तरतूद केली आहे?
२. आपल्या पाळकांच्या आठवड्यातील किती वेळ इतरांना सिद्ध करण्यात जातो? त्यासाठी त्यांचे कोणते काम आपण उचलू शकतो?
३. तुरन्नाच्या पाठशाळेसाठी आपण आपली कोणती ‘दुपार’ देऊ शकतो?