फी भरण्याआधी लेखी घ्या

इंदूरजवळच्या बेटम्याच्या एका कॉलेजात ‘क्लाउड कम्प्युटिंग अँड सायबर सिक्युरिटी’ ही शाखा मी घेतली ती पूर्ण चौकशी करून. प्रवेशाच्या टेबलावर बाबांनी आणि मी तीनच गोष्टी विचारल्या होत्या: लॅब आहे का, शिकवणार कोण, आणि ‘इंडस्ट्री सर्टिफिकेट’ म्हणजे नेमकं काय. तिन्हींची उत्तरं छातीठोकपणे मिळाली. लॅब तयार आहे, कंपनीची माणसं येऊन शिकवतील, सर्टिफिकेट जगभर चालतं. त्यासाठी नेहमीच्या फीवर दरवर्षी वेगळी ‘इंडस्ट्री फी’ होती, तीही आम्ही भरली. कबूल केलेलं काहीच मिळालं नाही आणि शेवटी ‘तुम्हीच नीट विचारायला हवं होतं’ हे वर आम्हालाच ऐकवलं गेलं. इंदूर, देवास, धारची आपली मुलं आणि जळगाव-धुळ्याकडून इकडे येणारी मुलं यंदाही अशाच टेबलांसमोर बसतील, म्हणून हे लिहिते आहे.

लॅबमधल्या मशीनना चार जीबी रॅम. त्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये काली लिनक्स सुरू केलं की पडदा गोठायचा. क्लाउडचं तर कॉलेजच्याच फायरवॉलने अमेझॉनचं कन्सोल अडवलेलं, म्हणून सर प्रोजेक्टरवर स्क्रीनशॉट दाखवायचे. प्रत्येक चित्रात वर उजव्या कोपऱ्यात कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्याचं नाव आणि शेजारी ‘नॉर्थ व्हर्जिनिया’. अमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ पासून चालू आहे, मग आपण तिथे एखादा सर्व्हर उभा करून का बघत नाही, असं मी विचारलं. उत्तर म्हणून पुढची स्लाइड आली. प्रॅक्टिकलच्या फायलीत सगळ्या वर्गाने तेच स्क्रीनशॉट चिकटवले आणि त्यावर सह्या झाल्या.

सायबर सिक्युरिटीचंही तेच. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला, ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, एवढं स्लाइडवर होतं. पण खात्यात पैसे आहेत की नाही हे न तपासता एटीएमने पैसे दिलेच कसे? चोरांनी एटीएमचे व्यवहार तपासणाऱ्या बँकेच्या स्विचला बगल देणारा बनावट स्विच उभा केला होता आणि मंजुरी तिथूनच जात होती. शिकण्यासारखं जे होतं ते हेच. सर म्हणाले, “ये सिलेबस में नहीं है.” ते मला घरी बसून शोधावं लागलं.

खरा प्रकार कळला तो नोकरीच्या मुलाखतीत. तांत्रिक प्रश्नांची उत्तरं मी दिली, कारण ती मी स्वतः शिकले होते. मग मी फाइलमधून ते जाड कागदाचं, सोनेरी मोहोर असलेलं सर्टिफिकेट काढलं. समोरच्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “याचा व्हॅलिडेशन नंबर?” नंबर नव्हताच. ते प्रशिक्षणाला हजर राहिल्याचं प्रमाणपत्र होतं. ज्या सर्टिफिकेटच्या नावाने इतकी वर्षं पैसे घेतले, त्याची परीक्षा आमच्यापैकी कुणाची घेतलीच नव्हती.

मी विभागप्रमुखांकडे गेले. ते म्हणाले, “बेटा, मोहर तो लगी है ना?” फी परत मागितली तर अकाउंट्सकडे पाठवलं, अकाउंट्सने प्रिन्सिपॉलकडे, प्रिन्सिपॉलांनी पुन्हा विभागप्रमुखांकडे. प्रवेशाच्या वेळी दिवसातून दोनदा फोन करणाऱ्या काउन्सेलरने फोन उचलणंच सोडलं. हे मी विसरलेले नाही.

आता तुम्ही काय करायचं ते.

सर्टिफिकेटबद्दल एकच प्रश्न विचारा: परीक्षेचं व्हाउचर फीमध्ये आहे का, आणि कोणत्या परीक्षेचं? अमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर ही पहिल्या पायरीची परीक्षा ६५ प्रश्नांची, ९० मिनिटांची आणि १०० डॉलर फीची आहे. पास झालात की नंबर मिळतो आणि तो कुणालाही ऑनलाइन तपासता येतो. उत्तर कॉलेजच्या लेटरहेडवर घ्या.

लॅब बघायला सुट्टीच्या दिवशी जाऊ नका. तास चालू असताना जा, तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठा आणि ‘तू स्वतःच्या हाताने सर्व्हर उभा केलास का’ असं विचारा.

मध्य प्रदेशातल्या खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी भोपाळची प्रवेश व शुल्क विनियामक समिती ठरवते. तुमच्या कॉलेजचा आकडा तिथे पाहा आणि वरच्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. मूळ मार्कशीट ठेवून घ्यायचा कॉलेजला अधिकार नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी प्रवेश सोडला तर थोडं प्रक्रिया शुल्क कापून बाकी पूर्ण फी परत मिळते. ती तारीख उलटून ३० दिवस झाले की काहीच मिळत नाही. मन बदलायचं असेल तर लवकर बदला.

अडकलाच असाल तर रडत बसू नका. आधी लिनक्स आणि नेटवर्किंग पक्कं करा, बाकी सगळं त्यावर उभं आहे. ओव्हरदवायरचा ‘बँडिट’ आणि पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी ॲकॅडमी फुकट आहेत. एनपीटीईएलवर आयआयटी खरगपूरचा क्लाउड कम्प्युटिंगचा कोर्स आहे. शिकायला पैसे लागत नाहीत, फी लागते ती परीक्षेला. क्लाउडवर खातं उघडताच रूट खात्याला एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी) आणि बिलाचा अलर्ट लावा. ॲक्सेस की चुकूनही गिटहबवर टाकू नका, ती दुसरा कुणीही वापरू शकतो. माझ्या एका मैत्रिणीला त्यापायी भलंमोठं बिल आलं. सराव स्वतःच्या मशीनवर किंवा अशा सरावाच्या साइटवरच करा. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरलात तर आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि अशा शाखांतून जे बाहेर पडले आहेत त्यांना हात जोडून विनंती: ओळखीतल्या बारावीच्या मुलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना खरं काय ते सांगा. कॉलेज सांगणार नाही.